बंद म्हणू नये

आमच्या कारखान्यात एके काळी पंखा कुणी बंद करत नसे, थांबवत असे. दिवा मालवायचा, नळ आवळायचा, दार लोटायचं किंवा लावायचं. ‘बंद’ हा शब्द चपलांसारखा उंबऱ्याबाहेर काढून आत यायचं. एकदा कुणीतरी बंद पुकारला होता, तर आदल्या दिवशी सरांनी फळ्यावर खडूने लिहिलं, ‘उद्या महाराष्ट्र मिटलेला राहील. जवळ राहणाऱ्यांनी चालत यावे.’

मालक फळ्यासमोर उभे राहून म्हणाले, “सर, बाहेरच्या कुणी वाचलं तर आपल्याला वेडे समजतील.”

“समजू देत,” सर म्हणाले. “वेड्यांचे हात शाबूत असतात.”

त्यांचं नाव मी लिहीत नाही. ते लिहायचा हक्क मी घालवला आहे असं मला वाटतं. तोंडावर सगळे त्यांना सर म्हणत आणि पाठीमागे टकटकसर. हाताला लागेल ती वस्तू बोटाच्या पेराने वाजवायची, डोकं तिरकं करून ऐकायचं आणि निकाल द्यायचा, अशी त्यांची खोड होती. फणस आणि नारळ सगळेच वाजवतात. सर भिंत वाजवत, पाण्याची टाकी वाजवत, आमच्या डब्यांची झाकणं वाजवत. “बाई, ह्या झाकणाला विश्वास नाही. तुमची आमटी पिशवीत सांडते ना?” सांडत होती. मालकांनी नवी गाडी घेतली तेव्हा हातातला पेढा तसाच धरून सरांनी गाडीचं मागचं दार चार वेळा उघडून लावलं आणि म्हणाले, “हे दार खोटं बोलतंय.” मालकांचं तोंड उतरलं. पावसाळ्यात त्याच दारातून पाणी आत आलं.

आम्ही रिले बनवतो. माझ्या मुलीने शाळेत सांगितलं, आई रिले करते, तर तिच्या बाईंना वाटलं मी धावण्याच्या शर्यतीत जाते. मलाही कारखान्यात येईपर्यंत काही ठाऊक नव्हतं. मी आले ती झाडू मारायला. आमच्या वाडीतली सुलू आधीपासून तिथे होती, तिने मला आणलं. माझी शाळा चौथीपर्यंत. पाचवीची शाळा ओढ्यापलीकडे होती आणि मी लोकांसमोर तोंड उघडत नसे, म्हणून वडील म्हणाले, पुढे शिकून ही काय बोलणार आहे? ते खोटंही नव्हतं.

रिले म्हणजे काय ते सरांनी मला साकवावरून समजावलं. ओढ्यावर साकव असतो तसा विजेच्या वाटेवर हा तांब्याचा साकव. दोन बाजूंना तांब्याचे दोन जाड खुंट आणि त्यांच्यावर टेकणारी एक पट्टी. खाली तारेचं वेटोळं. वेटोळ्यात थोडीशी वीज सोडली की त्याचं चुंबक होतं, ते पट्टी ओढून खुंटांवर टेकवतं आणि मग खूप मोठी वीज त्या पट्टीवरून पलीकडे जाते. थोडी वीज काढून घेतली की स्प्रिंग पट्टी परत मागे ढकलते आणि मोठी वीज थांबते. बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांना असे रिले लागतात.

“आता शब्दाची गंमत बघा,” सर म्हणाले होते. “साकव दोन्ही काठांना टेकला, मधली फट मिटली, की वाट सुरू. इंग्रजीत ह्याला क्लोज म्हणतात. आमच्या शहाण्यांनी त्याचं मराठी केलं, बंद. आणि आपण मराठी माणसं बंद म्हटलं की काय बघतो? दार बघतो. दार बंद, वाट संपली. म्हणजे कागदावर बंद म्हणजे वीज वाहतेय, आणि घरात बंद म्हणजे वीज नाही. आधीच्या कारखान्यात माझ्या डोळ्यांदेखत ह्या एका शब्दाने एकाचा हात गेलाय. म्हणून इथे दोनच शब्द. मिटला म्हणजे वीज आहे, लांब राहा. उघडा म्हणजे वीज नाही.”

आणि जो ‘बंद’ म्हणेल त्याला किराइताचा कडू काढा. टेबलावर स्टीलच्या थर्मासात तो कायम भरलेला असे. एक झाकण प्यायचं, तोंड वाकडं न करता. सगळ्यात जास्त सर स्वतःच प्यायले असतील. रात्रपाळीच्या वॉचमनशी गप्पा मारताना “अहो, गेट बंद...” एवढं निघून गेलं की जीभ चावत आणि थर्मास उघडत. सुलू म्हणायची, “सरांना साखरेचा आजार कधी व्हायचा नाय. सगळी कडू होऊन गेलीत.”

खरं अवघड काम रिले उघडताना असतं. मोठी वीज सहजी वाट सोडत नाही, पट्टी सुटली की फटीत ज्वाळ उभी राहते. “घरातली वीज मधूनमधून दम खाते, तेवढ्यात ज्वाळ विझते,” सर सांगत. “बॅटरीची वीज दम खात नाही. तिला दोन्ही अंगांनी चुंबक लावून बाजूला ओढायची. ओढून ओढून लांबवायची. लांबवली की थकते आणि मरते. सरकारी कचेरीतल्या अर्जदारासारखी.” ती लवकर विझावी, तांबं काळं पडू नये आणि आमचा खारा वारा आत जाऊ नये म्हणून हे सगळं एका डबीत घालतात, आतली हवा काढून दुसरा वायू भरतात आणि डबी कायमची सांधतात. ही डबी कमी खर्चात आणि तरी घट्ट कशी सांधायची, ह्याच्यामागे सर दोन वर्षं लागले होते. पुण्याकडच्या मोठ्या कारखान्यातून निवृत्त होऊन लांज्याजवळच्या आपल्या घरी आले होते ते आंबे राखायला, असं काकू, म्हणजे त्यांची बायको, म्हणत. आंबे वानरांनी राखले.

नवी डबी तयार झाली की ती कुकरमध्ये जाई. खराखुरा कुकर, काकूंच्या स्वयंपाकघरातला. तीन शिट्ट्या झाल्या की डबी काढून थेट गार समुद्राच्या पाण्यात. ते पाणी सर स्वतः भाट्याच्या पुळणीवरून कॅनमध्ये भरून आणत, नळाच्या पाण्यात मीठ कालवलेलं त्यांना चालत नसे. दुसऱ्या दिवशी डबी करवतीने कापायची, आत बोट फिरवायचं आणि जिभेला लावायचं. “खारट,” एवढंच म्हणत आणि तो दिवस कुणाशी बोलत नसत.

लोणच्याची बरणी त्यांना फार मोठी वाटे. प्रत्येक बाईला विचारून झालं होतं की तुम्ही फडकं किती पदरी बांधता, तेल किती बोटं वर ठेवता, बुरशी आधी कडेला येते की मधे. आणि केसांना काय लावता हेही रोज विचारत, दहा पावलांवर उभे राहून. खोबरेल चालेल, पण बाजारात मिळतं ते केस चमकवायचं पातळ औषध नको, त्याची वाफ डबीत गेली तर ज्वाळेने तिची काच होऊन तांब्यावर बसते. सुलू त्यांना तोंडावर म्हणाली, “माझ्या नवऱ्यानं उभ्या जन्मात विचारला नाय, केसांना काय लावतेस, आणि सर रोज विचारतात.”

“नवऱ्याला तुमच्या डोक्यावरून वीज न्यायची नसते,” सर म्हणाले.

माझं काम तेव्हा तांब्याचे खुंट स्पिरिटने पुसण्याचं होतं. एक दिवस सर पलीकडे बसून एकेका वेटोळ्यात वीज सोडून रिले वाजवून बघत होते. टक. टक. टक. मी सुलूच्या कानात म्हटलं, “ह्या शेवटच्याने दोनदा ठोकलं.” सरांचा हात थांबला.

“कोण म्हणालं ते?”

मी मान खाली घातली. सुलूने बोट दाखवलं. मला वाटलं आता काढतात कामावरून. त्यांनी माझ्यासमोर दहा रिले मांडले, एकेक वाजवला आणि कुठल्यात दोनदा ऐकू येतं ते बोटाने दाखवा म्हणाले. मी तीन दाखवले. मग त्यांनी तेच दहा यंत्राला लावले. यंत्रावर रेघ उमटते, ती उसळली तर पट्टी खुंटावर आपटून परत उडालेली असते. अशी उडाली की तिथे तांबं वितळून चिकटतं. यंत्रानेही तेच तीन सांगितले. सर माझ्याकडे बघून हसले आणि मालकांना हाक मारली, “या, या. हे बघा, आपल्याकडे दोन कान आणखी निघाले.”

त्या दिवसापासून माझी खुर्ची त्यांच्या टेबलाशेजारी गेली. मी खूश होते, कारण त्या कामाला बोलावं लागत नव्हतं. चांगला असेल तो उजवीकडे, वाईट तो डावीकडे. मोठ्या चाचणीच्या वेळी तेवढं बोलायचं. ती एका लोखंडी मांडणीवर होई, मागे बॅटऱ्यांची रांग. रिले मिटलेला आहे की उघडा हे दाखवणारा दिवा मांडणीच्या पुढच्या अंगाला होता. सर मागे वाकून जोडण्या बघत, तिथून दिवा दिसत नसे. म्हणून ते विचारत, “बाई, काय आहे?” आणि मी दिव्याकडे बघून सांगायचं, मिटला किंवा उघडा. मी सांगितल्याशिवाय ते पाना उचलत नसत. नव्या माणसाला माझी ओळख करून देताना म्हणत, “ह्या बाई. ह्या चुकत नाहीत.”

मला इथपर्यंत लिहायला बरं वाटत होतं. आता पुढचं लिहिते.

सरांची नवी डबी अखेर तयार झाली. कुकर, समुद्राचं पाणी, करवत, सगळ्यातून गेली आणि बोट जिभेला लावून ते म्हणाले, “अळणी!” त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना खाजं वाटलं. मग ज्या कंपनीला हे रिले हवे होते तिची माणसं बघायला आली. चार जण होते, त्यात एक मुलगी, माझ्या थोरलीपेक्षा थोडी मोठी असेल. सगळ्यांच्या अंगावर एकसारखे निळे शर्ट. त्यांनी ही डबी पसंत केली तर कारखान्याला काम मिळणार होतं, आणि सरांची दोन वर्षं कामी येणार होती. सरांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. मी नवी साडी नेसले होते.

चाचणी सुरू झाली. मी सांगत होते, मिटला. उघडा. मिटला. ती मुलगी हसली. “किती गोड! मिटला म्हणे.” तिच्या शेजारचा म्हणाला, “डोळे मिटल्यासारखं वाटतं.” सगळे हसले. वाईट मनाने हसले असं मी म्हणणार नाही. आमचे मालकही त्यांच्याबरोबर हसले, पाहुणे हसतात म्हणून. सर मांडणीच्या मागे वाकलेले होते, त्यांचं लक्षच नव्हतं.

माझे कान तापले. वाटलं, हे सगळे शिकलेले लोक, आणि मी इथे नवी साडी नेसून लहान पोरासारखी मिटला मिटला करतेय. आमचे शिकलेले लोक क्लोजला बंद म्हणतात हे मला सरांनीच सांगितलेलं होतं. मी दिव्याकडे बघितलं. दिवा लाल होता. रिले मिटलेला होता, सगळी वीज त्यातून जात होती.

“बाई, काय आहे?” सरांनी मागून विचारलं.

मी नीट, मोठ्याने, शिकलेल्या बाईसारखं म्हटलं, “बंद आहे.”

पांढरा उजेड झाला. आवाज झाला तो मला आजही सांगता येणार नाही, इतक्या आवाजांतून मी तोच विसरले. पाना खाली पडला, त्याचं टोक वितळून गोळा झालं होतं. सर खाली बसले आणि उजवा हात समोर धरून त्याच्याकडे बघत राहिले, जसा दुसऱ्या कुणाचा आहे. चष्म्याच्या काचेवर तांब्याचे ठिपके उडाले होते. चष्मा होता म्हणून डोळे वाचले.

दोन दिवसांनी मालकांनी आम्हाला आपल्या खोलीत बोलावलं. मी बंद म्हटलं तेव्हा मालक पाहुण्यांशी बोलण्यात होते, आणि पाहुण्यांना बंद आणि मिटला एकच. सर आले होते, हाताला कोपरापर्यंत पट्टी. मालकांनी मला विचारलं, “बाई, घाबरू नका. तुम्ही नक्की काय सांगितलंत सरांना?”

तेव्हा एवढंच म्हणायचं होतं, बंद म्हटलं. दोन शब्द. मला मुलींची फी दिसली, परत झाडू दिसला, पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण असं की ‘का म्हणालात?’ असं पुढे विचारतील, आणि मला सांगावं लागेल की लोक हसले म्हणून. ते सांगायची मला त्या चुकीपेक्षा जास्त लाज वाटली.

मी म्हटलं, “मिटला म्हटलं.”

सरांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात संशय असता तर माझी इतकी वर्षं बरी गेली असती. संशय नव्हता. ते विचार करत होते.

“मिटला म्हणाल्या असतील,” ते मालकांना म्हणाले. “ह्या चुकत नाहीत. म्हणजे मीच काहीतरी भलतं ऐकलं.” आणि डाव्या हाताने त्यांनी आपला कान हळूच चाचपला.

त्यानंतर ते महिनाभर येत होते. तो महिना मला कुणी परत जगायला सांगितला तर मी जगणार नाही. वाजवायची बोटं पट्टीत होती. ते रिले टेबलावर ठेवून डाव्या हाताने वाजवत, कान जवळ नेत आणि मग तो माझ्याकडे घेऊन येत. “बाई, मला हा एकदाच ऐकू आला. तुम्हाला?”

“एकदाच, सर.”

“नक्की?”

“नक्की.”

तरी ते यंत्रावर लावून बघत. पूर्वी कधी बघत नसत. मग एक दिवस म्हणाले, “ज्याला आपल्या कानावर भरवसा नाही त्याने ह्या टेबलाशी बसू नये,” आणि गेले. काढ्याचा थर्मासही घेऊन गेले. आठवड्याभरात कारखान्यात पंखे, नळ, सगळं बंद व्हायला लागलं.

त्यांची डबी पसंत झाली. आम्ही आजही तीच बनवतो.

कारखान्यात महिन्याच्या पहिल्या सोमवारी सुरक्षिततेची बैठक असते. सगळ्यांना हॉलमध्ये बसवून सुपरवायझर पूर्वीचे अपघात वाचून दाखवतात, नव्यांना कळावं म्हणून. त्यात एक असा आहे, ‘वयस्कर डिझायनरच्या ऐकण्यात चूक झाल्याने हाताला इजा. उपाय, पन्नाशीपुढील कामगारांची श्रवण तपासणी करावी.’ मी तीन वर्षं दर महिन्याला ते ऐकत आले. खुर्च्या दुमडून ठेवायचं काम माझ्याकडे आहे, म्हणून लवकर उठूनही जाता येत नाही.

यंदाच्या पावसाच्या आधी हातखंब्याला एसटीची वाट बघताना मला काकू भेटल्या. मी त्यांना ओळखलं आणि मागे सरकले, पण त्यांनीच हात धरला. “तुम्ही कारखान्यातल्या ना? ह्यांच्या टेबलाशेजारच्या?”

मी सर कसे आहेत विचारलं.

“काय सांगू! फोन घेत नाहीत. कीर्तनाला येत नाहीत. कुणी बोलायला आलं की तोंडाकडे बघत बसतात. ऐकू येत नाही म्हणतात. दोन डॉक्टर झाले. दोघेही म्हणाले, वयाच्या मानाने कान उत्तम आहेत. तर ह्यांचं एकच. डॉक्टरांचं यंत्र चुकेल, त्या बाई चुकायच्या नाहीत.” आणि काकू माझ्याकडे बघून हसल्या. “तुम्हीच ना त्या?”

एसटी आली, मी चढले नाही. त्या गेल्यावर दुसरी आली, तीही सोडली.

पुढच्या रविवारी मी लांज्याची गाडी धरली. घर विचारत गेले. सर पडवीत सुपारी सोलत बसले होते. उजव्या हाताची तीन बोटं आखडलेली होती. मला बघून उठले, “या, या बाई,” म्हणाले आणि माझ्या ओठांकडे बघायला लागले. मला बसायचंही सुचलं नाही. उभ्यानेच सांगितलं. “सर, मी त्या दिवशी मिटला म्हटलं नव्हतं. मी बंद म्हटलं. आणि मालकांना खोटं सांगितलं. तुमचा कान बरोबर होता.”

काकू आतून पाणी घेऊन येत होत्या, त्या दारातच थांबल्या.

सर खाली बसले. मग विचारलं, “बंद आहे म्हणालात की बंद झाला?”

“बंद आहे.”

“बरोबर. बंद आहे!” ते ताडकन उठले. “मी तेच ऐकलं होतं! अगो, ऐकलंस का? मी तेच ऐकलं होतं. चाळीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलं, पण शेवटी कान मराठी. बंद ऐकलं आणि हात पुढे गेला.” त्यांनी खांब वाजवला, डाव्या हाताने. पाण्याचा तांब्या काकूंच्या हातातून घेऊन वाजवला. परातीतली सुपारी वाजवली. सत्तरीच्या माणसाला इतका आनंद झालेला मी पाहिला नव्हता. मी शिव्या खायची तयारी करून गेले होते. ते माझ्यासमोर नाचायचे बाकी होते, आणि मला वाटत होतं की जमीन फाटावी.

काकू मात्र तिथेच उभ्या होत्या. त्या मला फक्त म्हणाल्या, “तीन वर्षं, बाई.”

 

सरांनी विचारलं, “पण बंद का म्हणालात? तुम्ही कधी म्हणत नव्हतात.”

मी सांगितलं. पाहुणे हसले म्हणून. लाज वाटली म्हणून.

ते परत खाली बसले आणि आखडलेली बोटं चोळत राहिले. “म्हणजे माझंच चुकलं,” ते म्हणाले. मला वाटलं माझं समाधान करतायत, पण ते माझ्याशी बोलतच नव्हते. “धोक्याचा शब्द असा हवा की लाजणाऱ्या माणसालाही चारचौघांत म्हणता आला पाहिजे. त्यापेक्षा शब्दच नको. मागच्या अंगाला आणखी एक दिवा लावला असता तर विचारावंच लागलं नसतं. डबी सांधली, आणि हे राहिलं.” मग एकदम मान वर केली. “आता कसं करतात? दिवा लावला मागे?”

“नाही, सर.”

“मग?”

“अजून तोंडीच विचारतात. मी दुसऱ्या टेबलाला असते आता. मांडणीवर नवी मुलं असतात. कुणी बंद म्हणतं, कुणी क्लोज, कुणी चालू. आणि पन्नाशीपुढच्यांचे कान तपासतात.”

त्यांचा चेहरा उतरला. सगळा आनंद एका क्षणात गेला. “कान तपासून काय होणार, शब्द तोच आहे! बाई, तुम्ही मला काय सांगत बसलाय? माझा हात जळून गेला, त्याला आता कळून काय उपयोग? हे तिथे सांगा. उद्या सांगा.”

“सांगते,” मी म्हटलं. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. मी मागितलीही नाही.

दुसऱ्या दिवशी मी मालकांच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. पुढच्या महिन्याच्या बैठकीत तो अपघात वाचला गेला, मी पदराचं टोक पिळत बसले. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. सुलू म्हणाली, “काय गो, बरा नाय काय तुला? घामानं भिजलीस.” तिलाही मी सांगितलं नव्हतं. रोज मांडणीवरून कुणीतरी ओरडत असे, “काय आहे रे?” आणि पलीकडून उत्तर येईपर्यंत माझे हात थांबत.

ह्या सोमवारी हॉलमध्ये साठेक माणसं होती. सुपरवायझर वाचत गेले आणि त्या ओळीवर आले, ‘वयस्कर डिझायनरच्या ऐकण्यात चूक...’ मी उभी राहिले. कशी राहिले ठाऊक नाही. सुपरवायझर म्हणाले, “काय हो काकी? बाहेर जायचंय?”

मी म्हटलं, “ऐकण्यात नाही. सांगण्यात चूक झाली. सरांनी बरोबर ऐकलं होतं. सांगणारी मी होते.”

मालक पहिल्या रांगेत होते, ते वळून बघायला लागले. सुलूने माझा हात धरला की ओढला ते कळलं नाही. तेवढ्यात शेवटच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, “काकी, काय बोलल्या? मागे ऐकू आला नाय!”

मग मी पुन्हा सांगितलं.